मोट, पांढर आणि पांढरीबाहेरची घरे

खेड्याचे संग्रहालय करावे, ही कल्पना खेड्यात राबणाऱ्या माणसाला सुचत नाही. जो खेडे सोडून गेला, किंवा खेडे आपल्या हातातून निसटते आहे असे ज्याला वाटते, त्याला ती सुचते. स्वीडनमध्ये आर्टूर हाझेलियस या गृहस्थाने १८९१ मध्ये स्टॉकहोम शहरातल्या एका टेकडीवर ‘स्कान्सेन’ हे उघड्यावरचे संग्रहालय सुरू केले. देशभरातली शेतकऱ्यांची घरे, कोठारे, गिरण्या जागच्या जागी सोडवून आणायच्या आणि येथे पुन्हा उभ्या करायच्या, अशी ती पद्धत. कारखानदारी वाढत होती, खेडी ओस पडत होती, आणि नेमक्या त्याच वेळी शहरातल्या सुशिक्षितांना खेड्याचा उमाळा आला होता. पुढे युरोपभर हे लोण पसरले. वेल्समध्ये कार्डिफजवळ सेंट फेगन्स येथे, प्लिमथच्या अर्लने दिलेल्या वाड्याच्या आवारात, १ जुलै १९४८ रोजी असेच संग्रहालय खुले झाले. आयोर्वर्थ पीट हा कवी व अभ्यासक त्याचा कर्ता. इंग्रजी सत्तेखाली दबलेल्या वेल्श भाषेचे आणि ग्रामीण कारागिरीचे जतन हा त्याचा ध्यास होता. दबलेल्यांचे जतन, हे ऐकायला चांगलेच वाटते. पण दबलेल्यांच्याही खाली कोणी दबलेला असतो की नाही, हा प्रश्न अशा संग्रहालयाच्या दारातच उभा असतो.

आपल्याकडे या जातीचे सर्वांना ठाऊक असलेले ठिकाण म्हणजे कोल्हापूरजवळ कणेरी येथील सिद्धगिरी मठाचे ग्रामजीवन संग्रहालय. ते २००७ मध्ये सुरू झाले. सुमारे सात एकर जागेत सिमेंटचे तीनएकशे पुतळे आणि त्यांच्याभोवती घरे, अंगणे, गोठे, विहीर, शेत असे अवघे गाव मांडलेले आहे. इस्लापूर ते कणेरी म्हणजे महाराष्ट्राचे एक टोक ते दुसरे टोक. तेवढा प्रवास करून मी ते पाहिले आणि पुतळे घडविणाऱ्या हातांबद्दल मनात आदर घेऊन परतलो. हातावरच्या शिरा, पाठीचा बाक, चेहऱ्यावरचा घाम, सगळे त्या कारागिरांनी नीट पाहिलेले आहे. कुंभार, लोहार, सुतार, न्हावी, चांभार आपापल्या कामात गर्क आहेत. शाळांच्या सहली येतात, मास्तर मुलांना बलुतेदारांची नावे पाठ करून घेतात.

सेंट फेगन्स आणि कणेरी यांत एक मूलभूत फरक आहे. तिकडची घरे खरी आहेत. कुठल्या गावचे, कोणत्या साली बांधलेले, कोण राहत होते, हे सांगता येते. दगडांवर आकडे घालून घर उतरविले आणि त्याच क्रमाने पुन्हा रचले. कणेरीचे गाव खरे नाही, ते कल्पनेतले गाव आहे. त्याला शिवार नाही, सातबारा नाही, चावडीचे दप्तर नाही. परकीय आक्रमणांपूर्वी आपले खेडे स्वयंपूर्ण होते, प्रत्येकाला काम होते आणि प्रत्येक कामाला मान होता, ही ती कल्पना. ती मठाची एकट्याची नाही. इंग्रज अधिकारी चार्ल्स मेटकाफ याने १८३० मध्ये हिंदी खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या शिकल्यासवरल्या वर्गाने ते वाक्य तावीज करून गळ्यात बांधले. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत घटनेचा मसुदा मांडताना मेटकाफचे नाव घेऊनच या भ्रमाचा समाचार घेतला आणि खेडे नव्हे तर व्यक्ती हा घटनेचा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले. योगायोग असा की सेंट फेगन्सचे दार उघडून तेव्हा चार महिनेच झाले होते.

पुतळ्यांच्या गावात पाहुण्यासाठी एक वाट आखलेली असते. त्या वाटेने माणूस एका घराकडून दुसऱ्या घराकडे सहज जातो. सुताराच्या दारातून चांभाराच्या दारात, तिथून वाड्यापाशी. कुठे थबकावे लागत नाही, कुठे हाक मारून आपली जात सांगावी लागत नाही, सावली कोणाच्या अंगावर पडेल ही धास्ती नाही. म्हणजे ज्या गोष्टीवर ते गाव उभे होते तीच गोष्ट, अंतर, त्या वाटेने पुसून टाकली आहे. मी हे दोष काढण्यासाठी म्हणत नाही. उघड्यावरच्या कोणत्याही संग्रहालयाची ही अडचणच आहे: वस्तू मांडता येते, मनाई मांडता येत नाही. पण मुलगा घरी जातो तो हेच घेऊन जातो की गाव म्हणजे एकमेकांना लागून बसलेल्या कसबी माणसांची वसाहत.

प्रत्यक्षात गावाची भाषाच वेगळी होती. शेतजमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढर’. काळी पिकवते, पांढर वसवते. पांढरीभोवती गावकूस, गावकुसाला वेस. आता महारवाडा, मांगवाडा कुठे? पांढरीबाहेर. बहुतेक गावांत पूर्वेच्या अंगाला, कारण वारा पश्चिमेकडून वाहतो. आणि पाण्याच्या उताराच्या बाजूला, कारण आमच्या अंगावरून आलेला वारा आणि पाणी गावात जाता कामा नये. नगररचनेचे शास्त्र शिकविणाऱ्यांनी या रचनेचा अभ्यास करायला हरकत नाही. हवा, पाणी आणि दिशा यांचा इतका बारीक विचार आपल्या पूर्वजांनी शौचकूपासाठीही केला नव्हता!

आणि तरीही महार हा बलुतेदारच. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाले, त्यातही आणि इतर अनेक याद्यांतही महार थोरल्या ओळीत आहे. त्याची कामे पाहा. रात्री गस्त घालणे, वेशीचे राखण, पाहुण्या अंमलदाराचे ओझे वाहणे, सारा घेऊन ठाण्यावर जाणे, मयताची खबर परगावी पोचविणे, मेलेले ढोर ओढणे. आणि शिवेचा तंटा लागला तर साक्ष महाराची. शिवेचा दगड कुठे होता, ओढा पूर्वी कुठून वळत होता, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसे. गावाची हद्द ज्याच्या डोक्यात बिनचूक होती त्याचेच घर त्या हद्दीतल्या पांढरीत नव्हते. या एका गोष्टीसाठी एक स्वतंत्र दालन उभारावे अशी ती आहे. पण तिचा पुतळा कसा करणार?

कणेरीतल्या विहिरीपाशी मी बराच वेळ उभा राहिलो. मोट हे खेड्याच्या प्रत्येक चित्रातले लाडके दृश्य. थारोळ्यात कोसळणारे पाणी, धावेवरून उतरणारे बैल, मोटकऱ्याचे गाणे. कवींनी त्यावर पुष्कळ लिहिले. मला मात्र मोट कशाची असते हे आठवत होते. मोट कातड्याची. ते कातडे मेलेल्या जनावराचे. जनावर ओढले आणि सोलले महाराने. कातडे कमावले ढोराने. मोट शिवली चांभाराने. मोटेला बांधलेला जाड नाडा आणि तिच्या सोंडेला बांधलेले बारीक सोंदूर वळले मांगाने. म्हणजे गावाच्या विहिरीत दिवसातून शंभर वेळा जे बुडत होते आणि वर येत होते त्यातला लोखंडाचा आणि लाकडाचा भाग सोडला तर बाकी सगळे अस्पृश्यांच्या हातचे होते. ते पाण्यात बुडून पाणी बाटत नव्हते. त्याच पाण्याने ऊस वाढे, मळ्यातले गडी तेच पीत. त्या कातड्याला ज्याचा हात लागला होता त्याचा हात मात्र विहिरीच्या काठाला लागला तर विहीर बाटे. त्याने लांब बसून ओंजळ करायची आणि कोणाला दया येईपर्यंत वाट पाहायची.

अस्पृश्यतेमागे स्वच्छतेची कल्पना होती असे अजूनही जे सांगतात त्यांना एवढीच मोट दाखवावी. अस्पृश्यता वस्तूला चिकटत नव्हती, माणसाला चिकटत होती. श्रम आत घ्यायचा आणि श्रमिक बाहेर ठेवायचा, याचे इतके उघड यंत्र दुसरे सापडणार नाही. आमच्या वस्तीतल्या एका म्हातारीला मी त्या विहिरीचे छायाचित्र दाखविले. तिने ते डोळ्यांजवळ धरून पाहिले आणि वरून पाणी ओतणारी बाई यात कुठे आहे, असे विचारले.

‘बलुते’ हा शब्द आज गोड झाला आहे. सहकार, परस्परावलंबन, विनाचलनाची अर्थव्यवस्था अशी विशेषणे त्याला लागतात. त्याचा इतिहास कायद्याच्या पुस्तकातही वाचता येतो. जुन्या मुंबई इलाख्यात १८७४ च्या वतन कायद्याने महाराचे वतन सरकारी नोकरी ठरले, पण पगाराऐवजी इनामाच्या तुटपुंज्या जमिनीचा तुकडा आणि गावाने घालायचे बलुते. काम मात्र चोवीस तासांचे, आणि घरातल्या कोणालाही जुंपता येण्याजोगे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा वतन ही मिरास नसून गुलामगिरीचा करार आहे हे त्यांना आपल्याच माणसांनाही समजावून सांगावे लागले. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने, म्हणजे विधेयकानंतर तीस वर्षांनी. आमच्याकडे निजामी अमलात तर त्या विधेयकाची हवाही पोचली नव्हती; वेठ मात्र पोचलेली होती. जो समाज एखाद्या व्यवस्थेतून सुटण्यासाठी तीस वर्षे कायद्याशी झगडतो, त्याच्यापुढे त्या व्यवस्थेचा पुतळा मांडून ‘पाहा, किती सुरेख होते’ म्हणणे हे इतिहासलेखन नव्हे.

आता थोडे आमच्या भागाविषयी. इस्लापूर हे किनवट तालुक्यातले गाव. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा जवळच, आणि नदीपलीकडे विदर्भ. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते; राज्य पुनर्रचनेत ते नांदेडला जोडले गेले. त्यामुळे येथे मराठीत तेलुगू मिसळते. सागवानाच्या जंगलाच्या कडेने गोंड, कोलाम, आंध यांच्या वस्त्या, बंजाऱ्यांचे तांडे, आणि गावालगत आमची वस्ती. बारा बलुतेदारांचे ते आखीव चित्र देशावरचे आहे, ते येथे आणून ठेवले तर पुरते बसत नाही. कोलामांचा पोड हा कोणत्या गावगाड्याचे चाक? तांड्याला गावकूस कुठले? ‘महाराष्ट्राचे खेडे’ असे एकच खेडे दाखविले की असे अर्धे जिल्हे त्या नकाशाबाहेर पडतात.

भोपाळच्या मानव संग्रहालयात आदिवासींची घरे आहेत. त्या त्या समाजाच्या लोकांनी येऊन, आपल्या हातांनी, आपल्या पद्धतीने ती बांधली. हे चांगलेच झाले. पण एक गोष्ट मनात सलते. आदिवासीचे घर अभ्यासकाला ‘संस्कृती’ वाटते. दलिताचे घर मात्र नुसते दारिद्र्य वाटते. तुराट्या-पळाट्यांचा कुड, त्यावर माती-शेणाचा गिलावा, वर गवताचे नाही तर पळसाच्या पानांचे छप्पर; या घरात बांधणीचे शहाणपण होते हे कोणी नोंदवीत नाही. पाटलाच्या वाड्याची चौकट जुन्या बाजारात विकली जाते, संग्रहालयात जाते. आमच्या घराची चौकट चुलीत जाते. आणि हे घर ‘बांधायला येत नव्हते’ म्हणून तसे नव्हते. गावचे वाडे आणि देवळांचे दगड फोडणाऱ्या वडारांना आणि माती वाहणाऱ्या आमच्या आयांना भिंत रचता येत होती. जागा आपली नव्हती, उद्या उठवतील ही खात्री होती, म्हणून भिंत हलकी होती.

सेंट फेगन्सचेच उदाहरण पुढे नेतो. वेल्समधली बहुसंख्य माणसे दक्षिणेकडच्या कोळशाच्या खाणींत आणि लोखंडाच्या भट्ट्यांत राबत होती. पण ‘खरा वेल्स’ म्हणून सुरुवातीला मांडली गेली ती शेतकऱ्यांची घरे. कामगाराच्या घराला तेथे यायला १९८७ साल उजाडले. मर्थर टिडफिल गावातली रीद-अ-कार नावाची लोखंडकामगारांची सहा घरांची चाळ उचलून आणली आणि प्रत्येक घर वेगळ्या सालात सजविले: १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५ आणि १९८५. एकाच भिंतीला लागून सहा घरे, एकातून निघून दुसऱ्यात जावे तो पन्नास, चाळीस नाही तर तीस वर्षे सरलेली. त्यानंतर १९९५ मध्ये ओकडेल या खाणीच्या गावातले, १९१७ साली बांधलेले, कामगारांच्या वर्गणीवर चाललेले सभागृह व वाचनालय तेथे आले. ही मांडणी मला कणेरीच्या मांडणीहून फार वेगळी वाटते. पुतळ्यांच्या गावात काळ थांबलेला आहे. चाळीत काळ चालतो. कामगार काय होता एवढेच नाही, तर तो काय झाला आणि त्याने काय मिळविले हे तेथे दिसते.

आमच्या घरांची अशी सालवार चाळ मांडायची झाली तर? एक घर निजामी अमलाच्या अखेरचे, वेठीचे. एक १९५६ नंतरचे. कोनाड्यातले देव गेले आणि बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर लागली ते. एक १९७८ चे, आणि ते जळालेले ठेवावे लागेल.

त्या वर्षी २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. मागणी विद्यापीठाच्या पाटीची होती. जाळली गेली ती खेड्यातली घरे. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना ४ ऑगस्ट १९७८ रोजी मारले गेले. माणसे मुलाबाळांसह शिवारातून वाट फुटेल तिकडे पळाली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, आणि त्याआधी जेमतेम दोन महिने, २५ नोव्हेंबर १९९३ ला, नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. या साडेपंधरा वर्षांत जळालेल्या घरांपैकी एकाचीही राख कोणत्या संग्रहालयात नाही. ती घरे कुठे होती, किती खणांची होती, हे सांगणारी पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे.

वाघमारे गेले त्याच्या दोनच महिने आधी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला होता. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सरकारी आकड्यानुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. तेथे जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचे ओझे यांनीच अधिक माणसे मारली. कुडाची आणि पत्र्याची हलकी घरे पुष्कळदा तगली. ज्या घरांना गरिबीचे लक्षण म्हणून नाके मुरडली जात होती त्यांनी जीव वाचविले, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे. पण पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. सुमारे बावन्न गावे नव्या जागी वसविली, तेव्हा घर जमिनीच्या धारणेप्रमाणे दिले: भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. भुईने एका रात्रीत सगळे सपाट केले होते. कोऱ्या जमिनीवर नवे गाव आखण्याची अशी संधी इतिहासात क्वचित येते. सरकारी अभियंत्यांनी त्या कोऱ्या जमिनीवर फूटपट्टीने जुना गावगाडा पुन्हा आखला. गरज माणसे मोजून ठरविता आली असती. ती एकर मोजून ठरविली. ज्यांना पिढ्यानपिढ्या जमीन धरू दिली नाही, त्यांना जमीन नाही म्हणून घर लहान. ही गावे आज उभी आहेत, तिकीट न काढता पाहता येतात.

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन शहरात ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ नावाची वस्ती होती. वर्णद्वेषी सरकारने १९६६ मध्ये ती गोऱ्यांसाठी राखीव केली आणि सुमारे साठ हजार माणसांना हुसकावून घरे जमीनदोस्त केली. उभे घर उरलेच नाही, मग संग्रहालय कशाचे करणार? १९९४ मध्ये तेथल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत जमिनीवर त्या वस्तीचा मोठा नकाशा अंथरला आणि हुसकावलेल्या माणसांनी येऊन आपापल्या घराच्या जागी आपल्या हाताने नावे लिहिली. पाडकामावरच्या एका मुकादमाने रस्त्यांच्या पाट्या फेकून न देता लपवून ठेवल्या होत्या, त्याही तेथे टांगल्या. एवढेच ते संग्रहालय.

आपल्याला हेच करता येण्याजोगे आहे, आणि वेळ फार नाही. रमाई आवास योजनेची घरकुले उठत आहेत, कुडाची घरे पडत आहेत. पडू द्यावीत. गळक्या छपराखाली माणसाने अभ्यासकांच्या सोयीसाठी राहावे असे म्हणणारा मी नाही. ज्याला जुन्या घराचे प्रेम आहे त्याने पावसाळ्यात तेथे एक रात्र काढून मग बोलावे. पण पाडण्याआधी मोजायला काय हरकत आहे? दाराची उंची किती, की वाकल्याशिवाय आत जाता येत नव्हते. वस्तीपासून वेस किती पावले. गावची विहीर किती, आपली विहीर किती, आणि आपली विहीर कोणत्या साली खणली. स्मशानाची वाट कोणाच्या शेतातून जात होती आणि ती कितीदा अडविली गेली. गायरानाचा तुकडा कोणी, कधी कसायला घेतला, १९९१ च्या शासननिर्णयाने तो नावावर झाला की नाही. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना यासाठी अनुदान लागत नाही. मोजपट्टी, वही आणि म्हाताऱ्या माणसांपाशी बसण्याची तयारी लागते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही काही जणांनी आमच्या वस्तीचा असा नकाशा काढायला घेतला. घरे, झाडे, पिंपळाचा पार, जुनी विहीर, समाजमंदिर, सगळे बसले. अडले ते नावापाशी. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच, आधारकार्डावर आणि शाळेच्या दाखल्यावर कोणाच्या मुलाने ते ओझे का वाहावे? तरुण मुलांचे म्हणणे असे की नकाशावरही नवेच नाव लिहा. म्हाताऱ्यांचे म्हणणे की मग आम्ही कुठे राहत होतो ते कोणाला कळणार? दोन संध्याकाळी यावर वाद झाला. शेवटी जुने नाव लिहिले, त्यापुढे ते कोणी ठेवले होते ते लिहिले. त्याखाली नवे नाव लिहिले, त्यापुढे ते आपण कधी ठेवले ते लिहिले. विहिरीचे साल अजून ठरलेले नाही. दोन म्हातारे दोन वेगळी साले सांगतात, आणि तिसऱ्याला विचारायला पुढच्या महिन्यात परभणीला जायचे आहे.